आपोआप विरघळणारा बोळा

प्रिय बाळा,

नाही रे, आता नाही ठणकत. ठणकलं तरी फोन करणार नाही, घाबरू नकोस. फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस. वैरण टाकल्यावर बैलसुद्धा याहून जास्त बोलतो. म्हणून लिहितेय. चौथीपर्यंतचं शुद्धलेखन आहे, हसायचं नाही.

दाढ मात्र झकास काढलीस. पाऊण तास माझ्याजवळ बसलास! तुझे बाबा गेल्यापासून एवढा वेळ कधी बसला होतास? आणि बसलास तेही माझं तोंड वासून ठेवून, म्हणजे म्हातारीला बोलायची सोयच नाही. हुशार आहेस. मग त्या खड्ड्यात तो पांढरा बोळा बसवलास. कोलॅजन म्हणालास. रक्त धरून ठेवतं, जखम भरायला मदत करतं, आपोआप विरघळतं, काढून घ्यायला यायला नको. 'यायला नको' म्हणताना तुझा चेहरा असा खुलला, की मलाच तुझं अभिनंदन करावंसं वाटलं. बाबांची दाढ काढली तेव्हा पट्टी बदलायला एक दिवसाआड बोलवायचे. ते वैतागायचे. आता वाटतं, काय नशीबवान माणूस!

तिसऱ्या दिवशी बोळा निघाला, हाड उघडं पडलं, मी कळवळत तुझ्या दवाखान्यात आले. कापूस राहून गेलाय असं वाटलं म्हणून काढला, असं म्हटलं. 'हात लावायचा नाही, हे नर्सनं सांगितलं नव्हतं तुला?' तू ओरडलास. मी नाही म्हणून मान हलवली. नर्सबाई ट्रे घेऊन तिथंच उभी होती. सोळा वर्षं तुझ्याकडे राबलेली बाई, एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तू तिला घरी बसवलंस.

काल ती माझ्याकडे आली. भांडायला आली असेल म्हणून मीही कंबर कसली. तर म्हणे, 'काकू, कोमट पाण्यानं चुळा भरताय ना?' तोंडात बॅटरी मारून बघितलं आणि गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं रे.

तिला उद्याच परत बोलव. तिनं मला तीनदा बजावलं होतं, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनही दिलं होतं. तो कापूस नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं. आरशासमोर बसून केसांच्या आकड्यानं मीच तो उकरून काढला, तुला मला परत बोलवावं लागावं म्हणून.

तुझीच,
खोटारडी आई