कोंबड्यांचा अंधार

आई, तू बरोबर होतीस. तू गेलीस त्याला पंधरा वर्षं झाली, पण ही बातमी आधी तुलाच सांगावीशी वाटतेय, म्हणून केडगावच्या घरी आल्या आल्या चपलासुद्धा न काढता लिहायला बसले आहे.

राहात्याची आपली पोल्ट्रीची शेड आठवते ना? कंपनी पिल्लं आणि खाद्य द्यायची, आपण ती वाढवून परत द्यायचो. रात्रभर दिवे चालू ठेवायचे हा कंपनीचा नियम होता, म्हणजे पिल्लं सारखी खात राहतात आणि लवकर वजन धरतात. मी पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले तर बघते काय, जेवणं उरकली की तू शेडमधले दिवे सरळ बंद करतेस. मी चिडले. "तुला यातलं काय कळतं गं? अंधारात पिल्लं खातील का?" तू भाकरी थापत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "न झोपता कोन जगलंय का? तुला ताप आला की मी दिवा मालवूनच निजवायची. ह्यांना बी अंधार लागतो. अंधारात अंग सावरतं." मी हसले. माझ्या पुस्तकात तसं काही नव्हतं, निदान मी वाचलं होतं तिथवर.

चार दिवसांत कंपनीचा सुपरवायझर आला. शेडच्या दारातच म्हणाला, "मावशी, पुन्हा दिवे बंद दिसले तर पुढची पिल्लं मिळणार नाहीत." पदराला हात पुसत तू "व्हय" म्हणालीस, एवढंच. त्यानंतर आपली शेड रात्रभर उजळलेली असायची.

आता ऐक. अंधार पडला की डोक्यातली एक इवलीशी ग्रंथी मेलाटोनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते, आणि उजेडात ते जवळजवळ थांबतं. ते झोपेचं आहे हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण रोगाशी लढणाऱ्या पेशींनाही त्याचा निरोप पोचतो. त्या पेशींवर तो निरोप घेण्याची जागाच असते! कुठे ते या पेशींना कामाला लावतं, तर कुठे भडकलेली सूज आवरतं. सगळं अजून उलगडलेलं नाही, पण दिवे कधीच न विझणाऱ्या शेडमधल्या पिल्लांना हा निरोप धड मिळतच नाही, हे मला नोकरीला लागल्यावर कधीतरी उमगलं, आणि त्या दिवशी तुझी भाकरी थापतानाची पाठ डोळ्यांपुढे आली.

यंदा राहात्याच्याच एका बाईंच्या दोन शेड माझ्या देखरेखीखाली आहेत. कंपनीच्या आताच्या माणसाला विचारून आम्ही एका शेडला रोज सहा तास अंधार दिला, दुसरीत दिवे रात्रभर चालूच ठेवले. पिल्लं एकाच खेपेची, खाद्य तेच, मानमोडी रोगाची लस तीच. आज दुपारी नगरच्या प्रयोगशाळेत रक्ताचा अहवाल हातात पडला. अंधारातल्या पिल्लांनी लसीला चांगली दाद दिली होती, दुसऱ्या शेडपेक्षा स्पष्ट जास्त. नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना, असं मी तिथल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, चिठ्ठ्या मीच लावल्यात." दोन शेडवरून काही सिद्ध होत नाही, हे पुन्हा पुन्हा करून बघावं लागेल, सगळं मान्य. पण बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "ताई, वजनात बी मागं न्हाईत ती. आन् लई शांत झालीत." मी रस्त्यातच हसत सुटले. लोक बघत होते, बघू देत.

आता राहिलं ते सांगते. तू दिवे बंद करतेस हे सुपरवायझरला मीच सांगितलं होतं. स्टँडवर भेटला, "तुम्ही शिकलेल्या, तुमचं काय मत?" म्हणाला, आणि मला शहाणं दिसायचं होतं. तू चुगलीचा संशय घेतलास शेजारच्या काकूंवर, आणि शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलली नाहीस. मी बघत होते, गप्प होते. हे पत्र वहीतच राहील. काकू अजून त्याच घरात राहतात, आणि त्यांनाही मी हे आजवर सांगितलेलं नाही.