गाडी स्वच्छ होती, एवढाच गुन्हा

विद्यानगर, हुबळी
२२ सप्टेंबर

आदरणीय पुंडलिक अण्णा यांस,

धम्मानंदचा सप्रेम जय भीम. आपला गुडघा आता जिना चढू देत असेल आणि रेखा वहिनींची साखर आटोक्यात असेल, अशी आशा करतो. साधना बेळगावला आपल्याकडं सुखरूप पोचल्याचं आमच्या भारतीकडून कळलं. (आईचा फोन लेकीला येतो, नवऱ्याला येत नाही. असो.) भावानं बहिणीची बाजू घ्यावी, त्यात गैर काही नाही. पण दुसरी बाजू कुणी लिहून पाठवली तर ती वाचावी, एवढा न्याय आपण कराल म्हणून हा कागद.

देशपांडे नगरात चष्म्याचं दुकान असलेला उमेश (वय बत्तीस, दाढी संन्याशाची, बूट लष्कराचे) आमच्या 'वायुवेग' मोटरसायकल मंडळाचा अध्यक्ष आहे. यंदा त्यानं तीन दिवसांची फेरी काढली. हुबळीहून येल्लापूर, कारवार, तिथून गोव्यातनं लोंढा, अळणावर आणि शेवट धारवाडला केलगेरी तळ्यापाशी. ज्यानं त्यानं आपापल्या वेगानं यायचं, आणि जो पुरी करील त्याला पितळी बिल्ला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं पोरांच्या काचनळ्या विसळत आलेल्या माणसाला स्वतःच्या नावाचा एक बिल्ला असावासा वाटला, तर ते काही पाप नव्हे. साधनाला मीच म्हटलं, चल, लग्नानंतर आपण दोघंच म्हणून कुठं गेलोय? ती आनंदानं निघाली. हे आपण ध्यानात ठेवावं.

आता लांबच्या प्रवासात गाडी पुसणं म्हणजे थेर, असं लोकांना वाटतं. गाडीच्या पुढच्या दिव्यावर चिलटं वाळून बसली की ती कोमट पाण्याशिवाय निघत नाहीत; कोरड्या फडक्यानं घासली तर काचेवर ओरखडे उठतात. कारवारचा वारा खारा, रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी स्पोकांवर गंज. चेनला लाल मातीचा लगदा बसला की ती कुरकुरते. ही विद्या मंडळातल्या एकाला नाही. मी मात्र मऊ फडकी तीन, जुना टूथब्रश, शांपूच्या पुड्या, चेनचं तेल, सगळं एका पिशवीत घेतलं होतं. (साधनाची साडीची पिशवी त्यामुळं घरी राहिली, पण तीन दिवसांना साड्या लागतात किती?) कारवारच्या लॉजवर कढत पाण्याची एकच बादली मिळाली. ती मी खाली नेली, तर व्यवस्थापक मजल्यावरनं ओरडायला लागला, "ओ अप्पा, ते पाणी आंघोळीचं आहे!" मी म्हटलं, आंघोळच चाललीय. त्याला विनोद कळला नाही. वरच्या खिडकीत साधना टॉवेल घेऊन उभी होती, तिलाही कळला नाही.

शेवटच्या दिवशी अळणावरच्या अलीकडं एका लाकडाच्या ट्रकनं आम्हाला डोक्यापासून चाकापर्यंत लाल करून टाकलं. कुणीही संतापेल. मी गाडी बाजूला घेतली, ओढ्याचं पाणी आणून पाऊण तास धुतली, पुढं धारवाडात शिरताना पुन्हा एकदा पुसली. केलगेरीला पोचलो तेव्हा तिच्यात तळं दिसत होतं, अण्णा, आणि तळ्यात ती!

तिथं बाकीच्यांच्या गाड्या उभ्या होत्या. म्हशी गाळातनं उठून आल्यासारख्या. उमेश माझ्या गाडीभोवती दोनदा फिरला, मडगार्डाखाली बोट फिरवून बघितलं आणि चारचौघांत म्हणाला, "एनरी सर, काय हो हे, टेम्पोतनं आणलायसा काय?"

सगळे हसले! मी म्हटलं, पुरावा देतो. फोन काढला. त्रेसष्ट फोटो होते. त्रेसष्टच्या त्रेसष्ट फोटोंत गाडी; मागं कुठं भिंत, कुठं झुडूप. उमेश म्हणाला, हे तर विद्यानगरातही निघतील. आणि मग त्यानं साधनाकडं वळून विचारलं, "अक्का, तुम्हीच सांगा. गाडीवरनं आलात ना?"

एक 'होय' पुरे होतं. आपल्या बहिणीनं कपाळ पदरानं पुसलं आणि म्हणाली, "मला काय विचारता? गाडीलाच विचारा. तीन दिवस ह्यांच्याबरोबर तीच होती."

बिल्ला मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साधना बेळगावच्या बसमध्ये बसली. ज्या गावात स्वच्छतेवर संशय घेतात आणि चिखलाला बिल्ला देतात, तिथं माझ्यासारख्यानं राहावं तरी कसं, हे आपणच सांगावं.

धुतल्या तांदळासारखा असूनही संशयित,
धम्मानंद

ता.क. उमेशला देण्यासाठी साधनाकडनं दोन ओळी लिहून घ्याव्यात, की आम्ही सगळा रस्ता गाडीवरनंच आलो. तिनं 'आधी तो रेनकोटचा विषय लिहा' म्हटलं, तर तो विषय टाळावा.

ता.क. २ टाळू नका. ती सांगेलच, त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. येल्लापूरला पावसानं गाठलं तेव्हा रेनकोट दोन होते. एक मी घातला. चहा पिऊन होईपर्यंत दुसरा गाडीवर घातला, आणि निघताना तो आतनं ओला झाला म्हणून घडी घालून ठेवला. घाट उतरेपर्यंत ती माझा खांदा घट्ट धरून होती. मला वाटलं, वळणांना भ्यायली. ती थंडीनं कापत होती, हे मला आज लिहिताना कळतंय. भारती म्हणत होती तो ताप उतरला का तिचा?

ता.क. ३ त्या दोन ओळी राहू द्या. बिल्ला नको. रविवारी तिला न्यायला येतो आहे, ती येईल की नाही एवढंच विचारून ठेवा. गाडीला आठ दिवस हात लावलेला नाही. तशीच घेऊन येईन, आणि आपल्या अंगणात सगळ्यांनी बघावी. (दारात लावण्याआधी फक्त दिवा तेवढा पुसेन.)