फाटक लावून घ्या

आदरणीय दोब्रीदादा,

तुम्हाला आणि वहिनींना स्तोइलचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं दिलेलं मलम लावता, की अजून कोबीचं पान बांधून बसता? (कोबीचं पान वाईट नाही, पण ते बांधून बसमध्ये चढू नये, वास येतो.) माझं तसं बरं आहे. रक्तदाब वर आहे, कानात शिट्टी वाजते आणि परवापासून डावी पापणी फडफडते. काळजीचं कारण नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हापासून मला जास्त काळजी वाटते.

पत्राचं कारण आपली कालिना, म्हणजे तुमच्या बहिणीची, दोन्काची, नि माझी नात. चित्रकला शिकून आली, पण चित्र काही काढत नाही. आमच्या लोणच्याच्या बरण्या, दोन्काचे जुने एप्रन, मोडकी तिपाई असलं उचलून नेते आणि दिवाणखान्यात मांडावं तसं मांडते. ह्रिस्तोनं, म्हणजे तिच्या बापानं, आमच्या चिरंजीवांनी, तिला बजावलं होतं, की या प्रदर्शनातून काही झालं नाही तर गुपचूप दातांच्या दवाखान्यात फोन उचलायला बसायचं. पोरीचं सगळं या एका प्रदर्शनावर येऊन ठेपलेलं, आणि त्यासाठी तिनं मागावं काय, तर माझ्या परसबागेचं फाटक.

फाटक आठवत नसेल तर पलंग आठवेल. तुमच्या आईनं दोन्काला लग्नात दिला होता तो लोखंडी, उशाकडच्या पत्र्यावर तळं आणि तळ्यात हंस. पलंग मोडल्यावर स्प्रिंगांचं मी कोंबड्यांना कुंपण केलं आणि उशाकडची बाजू बिजागऱ्यांवर टांगली, झालं फाटक. (गावात निम्म्या फाटकांवर कोणी ना कोणी झोपलेलं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.) दोन्का, देव तिला सुखात ठेवो, म्हणायची, इतकी वर्षं या हंसाखाली झोपले, आता कांदा आणायलासुद्धा यालाच ढकलून जायचं.

मी म्हटलं, निदान रंगाचा हात मारून देतो. तर कालिना म्हणाली, "आजोबा, डबा खाली ठेव. गंज आहे म्हणून तर नेतेय." शेजारचा त्रेंदाफिल कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. म्हणाला, "आज फाटक गेलं. उद्या संडासाचं दार न्यायला कोण येतंय, स्तोइल?" मला पुढचं सगळं दिसायला लागलं. शहरातल्या शिकलेल्या लोकांसमोर आमचा गंज उभा राहणार, ते पोरीला हसणार, आणि ती जन्मभर दुसऱ्यांच्या दाढांची वेळ लिहून घेणार.

प्रदर्शन प्लोवदिवला, तंबाखूच्या जुन्या वखारीत होतं. मी स्वतःच्या अंत्यविधीसाठी जपून ठेवलेला सूट घातला. (कंबरेत घट्ट होतो, पण तेव्हा श्वास घ्यायचा नसेल म्हणून दुरुस्त केला नव्हता.) दालनाच्या मधोमध दोन खांब, त्यांच्यामध्ये आमचं फाटक, सताड उघडं. आजूबाजूला कुंपण नाही, काही नाही. पाटीवर नाव, "या, उघडंच आहे". लोक हातात पेला घेऊन फाटकातून जात होते आणि दादा, एकही माणूस मागे वळून ते लावत नव्हता.

मी धीर धरला. पापणीवर बोट दाबून उभा राहिलो. मग हळूच जाऊन लावून आलो. कुणीतरी पुन्हा उघडलं, मी पुन्हा लावलं. शेवटी गळ्यात रेशमी रुमाल असलेला एक गृहस्थ ते सताड मोकळं टाकून निघाला आणि माझ्या तोंडून गेलंच, "अहो, फाटक कोण लावणार? शेळीनं कोबी खाल्ला तर तुम्ही येणार आहात का राखायला?"

दालनातल्या सगळ्या माना वळल्या. कालिना पांढरीफटक. दंडाला धरून म्हणाली, "आजोबा, खाली बस ना. ते उघडं राहायला हवंय, तेच तर आहे त्यात." मी म्हटलं, "उघडंच ठेवायचं होतं तर फाटक कशाला आणलंस? नुसती मोकळी जागा आणायचीस." ती वळून पाटीकडे बघायला लागली. (मला आपण असं बोललो याचं नवल वाटलं.) तेवढ्यात तो रुमालवाला परत आला, फाटक लावलं आणि मला विचारतो, "असं?" मी म्हटलं, "तारेची कडी वर उचलून अडकवा, नाहीतर शेळी नाकानं उघडते."

मग काय, रांगच लागली. मोत्यांची माळ घातलेल्या एक म्हाताऱ्या बाई मुद्दाम दोनदा उघडं टाकून गेल्या. मी विचारलं, "बाई, राजवाड्यात वाढलात का?" त्या डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. म्हणाल्या, माझी आजी गावी अगदी अशीच ओरडायची, ती गेल्यापासून मला कुणी रागावलंच नाही. कालिना तिथंच उभी होती. मग तिनं पाटी काढली, उलटी करून मागे पेन्सिलीनं नवीन नाव लिहिलं, "फाटक लावून घ्या", आणि आपल्या नावाखाली माझं. मी चष्मा पुसपुसून वाचलं. माझं नाव आजवर फक्त वीजबिलावर छापून आलेलं आहे.

रुमालवाला निघाला सोफियातल्या मोठ्या दालनाचा प्रमुख. वसंतात त्याला फाटक तिकडे हवं आहे. संध्याकाळी ह्रिस्तो आला, फाटकातून गेला आणि बापाच्या वळणावर न जाता उघडंच टाकलं. मी सगळ्यांदेखत त्याला मागे बोलावलं. त्यानं निमूट लावलं, तार उचलून. दवाखान्याचा विषय त्यानंतर निघालेला नाही. दोन्का असती तर म्हणाली असती, की हंस शेवटी उडाला, आणि तिच्या माहेरचा म्हणून थोडा मान तुम्हीही घ्यावा.

तब्येत सांभाळा, वहिनींना विचारलं म्हणून सांगा.

तुमचा,
स्तोइल

ता. क. ऑक्टोबरच्या शेवटी येणाऱ्या दिमितरच्या सणापर्यंत मला रोज वखारीत उभं राहायचं आहे, मी नसलो की लोक नुसतेच ये-जा करतात. म्हणून आमच्या बेल्का शेळीसाठी तुम्ही येऊन राहावं. त्रेंदाफिल तयार आहे, पण तो तिला घरची रकिया दारू गाळून उरलेला फळांचा चोथा घालतो, मग ती दिवसभर गाते. काम बसूनच आहे. बागेला सध्या फाटक नाही, तेव्हा त्या जागेत खुर्ची टाकायची आणि शेळी आली की पाय आडवा करायचा, दुखत नसलेला.

आणखी एक. कालिनानं हे पत्र वाचलं. शनिवारी ती कॅमेरा घेऊन येते आहे, त्या जागेत बसलेले तुम्हीच तिला हवे आहात. वहिनींना सूटला इस्त्री करू देऊ नका. कोपरावर भोक पडलेला तुमचा तपकिरी स्वेटर अजून आहे ना, असं ती विचारते.