स्वयंपाकघर पाडायचा अर्ज

शनिवार, १२ फेब्रुवारी २००५

एक खिळा! एका खिळ्यासाठी आज चार माणसं, दोन गाड्या आणि तीन कागद.

अंगणाच्या दरवाज्याची खालची बिजागरी सुटली होती. मी खिशातून खिळा काढला, हातोडी उचलली, आणि इंजिनिअर सालेम गाडीतून अर्धा उतरलेला असतानाच ओरडला — "स्टॉप! स्टॉप!" म्हणे हा खिळा नवा आहे. अहो, नवाच असणार! जुना गंजून मेला म्हणून तर दार लोंबतंय.

पण नाही. कुवेतच्या शर्क भागातलं हे घर आता वारसा आहे. वारशात खिळा ठोकायचा तर आधी फोटो, मग फॉर्म, मग खालच्या ऑफिसचा शिक्का, मग वरच्या ऑफिसची मंजुरी. खालचं ऑफिस म्हणजे सालेमचं. या भागातल्या जुन्या घरांची यादी करायची, डागडुजी करून घ्यायची, हे त्याचं काम. वरचं ऑफिस म्हणजे पैसे देणारं आणि नाही म्हणणारं. खालचं म्हणतं करा, वरचं म्हणतं थांबा. मधे आमची ठेकेदार कंपनी. आणि सगळ्यांच्या तळाला तुळशीदास पांचाळ, सुतार, हातात खिळा.

याच घरात मी भाड्याने सोळा वर्षं काढली. बॅचलर माणसं अकरा, संडास एक. तेव्हा छप्पर गळायचं तर काळं कुत्रं फिरकलं नाही. आता रोज टेप घेऊन मोजायला येतात!

सोमवार, १४ फेब्रुवारी

आज खरी बातमी. स्वयंपाकघर पाडणार.

कारण काय, तर घर १९३८ सालचं. त्यानंतर जे जे जोडलं ते 'बाहेरचं'. घराला मूळ रूप द्यायचं. अंगणाच्या मागच्या बाजूचं स्वयंपाकघर १९८४ सालचं, म्हणजे उपरं. (उपरा या शब्दाला इथे आम्ही सगळेच सरावलेलो आहोत.)

ते मी आणि यूसुफने बांधलं होतं. यूसुफ जयगडचा, बेकरीत कामाला. आम्ही दोघं एकाच वर्षी आलो, एकाच खोलीत पडलो. ओटा त्याचा, लाकूडकाम माझं. वर माळा केला होता तांदळाच्या गोणी ठेवायला. सागवान कुठलं! मशिनरीची मोठी खोकी यायची, त्यांच्या फळ्या. पण सांधे असे बसवलेत की एकवीस वर्षांत करकरला नाही.

सालेम फॉर्म भरत होता आणि आमचा सुपरवायझर रियाज शेजारी उभा राहून मला हिंदीत सांगत होता. एक रकाना — बांधणारा कोण? सालेमने लिहिलं, अज्ञात.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा! म्हटलं, "अज्ञात नहीं साब, मैं हूँ." रियाजने माझ्या पायावर बूट ठेवला. चांगला जोरात. रियाज हैद्राबादचा, आवाजाने गोड, बुटाने नाही.

अर्ज आजच वर गेला. नियम असा की चार आठवड्यांत वरून नकार आला नाही तर होकार धरायचा. म्हणजे १४ मार्च. गप्प बसण्यालाच मंजुरी म्हणतात. आमच्या ग्रामपंचायतीला हे कळलं तर ती कधी तोंडच उघडायची नाही.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

नर्मदेला फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परक्याच्या चुलीची एवढी काळजी? हितं न्हाणीघराचं दार दोन वर्षं पडलंय. सुताराची बायको मी, गोणपाट लावून आंघोळ करते." तिचंही बरोबर.

यूसुफला सांगितलं. वाटलं, चिडेल. आम्ही आता राहतो त्या खैतानच्या खोलीत बसून कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "पाडूदे."

"पाडूदे काय? ओटा तुझाय तो!"

"पाडूदे म्हटलं ना, तुळशी."

आणि उठून मीठ शोधायला लागला. मीठ समोरच होतं.

मंगळवार, २२ फेब्रुवारी

वरच्या ऑफिसातून डॉक्टर लुलवा आल्या. पंचेचाळीसच्या असतील, पायात चक्क खेळायचे बूट. सालेम नकाशा उलगडतोय तोवर बाई माझ्या शिडीवरून माळ्यावर! वरून धूळ झाडत इंग्रजीत विचारलं, हे कुणी केलं?

मी रियाजच्या बुटापासून पाय मागे घेतला आणि मग सांगितलं, मी.

"चौऱ्याऐंशी साली?"

"येस मॅडम."

"खिळे फारच कमी वापरलेत."

कुवेतमध्ये इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य.  म्हटलं, खिळे महाग होते.

मग त्यांनी सालेमला नियम वाचून दाखवला. नंतर जोडलेला भाग पाडायचाच असं नाही. त्या भागात स्वतःचं असं काही घडलं असेल तर तोही वारसा, तो ठेवायचा. माझ्याकडे वळून, "काय घडलं इथे?"

म्हटलं, "डाळ-भात."

हसल्या. सालेम हसला नाही. तो माळ्याकडे बघतच नव्हता, शिडी धरून उभा होता.

मग माझ्या तोंडून गेलं. नव्वद साली इराकचं सैन्य आलं तेव्हा माझा दोस्त यूसुफ सात महिने याच घरात होता, पिंपाचा तंदूर करून अख्ख्या गल्लीला खुबूस, म्हणजे इथली रोटी, भाजून घालत होता, त्या भिंतीवरची काजळी त्याचीच. घरमालकीण उम्म बद्र जिवंत होती तोवर सांगायची.

लुलवाबाईंनी वही मिटली. "त्याला आणा. त्याच्या तोंडून, लिहून पाहिजे. चार आठवडे संपायच्या आत."

बुधवार, २३ फेब्रुवारी

रियाज — "पांचाळ, तुम सुतार हो या वकील? मुल्क वापस जाना है क्या?"

शुक्रवार, २५ फेब्रुवारी

राष्ट्रीय दिवस. रस्ताभर झेंडे, पोरं गाड्यांवर फेस फवारतायत. माझा एकुलता इस्त्रीचा शर्ट फेसात गेला.

खोलीत यूसुफशी भांडण. आयुष्यातलं तिसरं. (पहिलं सुक्या बोंबलावरून, दुसरं रेडिओवरून.)

मी म्हटलं, एवढं पुण्याचं काम केलंस, चार ओळी सांगायला काय होतं? तो मग हळूच म्हणाला, "तुळशी, पीठ कुठनं आलं, हे कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

"दुकानं रिकामी. मग पीठ काय आभाळातनं पडलं? सैनिकांनी आणून दिलं. गोणी द्यायचे आणि म्हणायचे, आमच्यासाठी भाज. मी त्यांना भाजून द्यायचो. त्यातनं चोरून राखायचो, ते गल्लीला. आता लिहू कागदावर? दुश्मनाला रोटी घालणारा यूसुफ? तुझी चूल वाचेल. माझं काय?"

 मी त्या जुलैत सुट्टीवर गावी गेलो होतो. यूसुफ इथे सैनिकांसाठी खुबूस भाजत होता तेव्हा मी पडवीत बसून रेडिओला कान लावून काळजी करत होतो, आणि काळजी करता करता नर्मदेच्या हातचे घावणे खात होतो. चार किलो वाढलो होतो त्या वर्षी.

स्वतःची फार लाज वाटली. चार फळ्यांच्या कौतुकासाठी मी याला सरकारपुढे उभा करायला निघालो होतो.

बुधवार, २ मार्च

ठरलं. साक्ष नाही, कागद नाही. पाडा!

शनिवार, ५ मार्च

यूसुफने चहा पिता पिता सांगितलं, "मी येतो."

"कुठे?"

"तुझ्या बाईकडं."

म्हटलं, नको रे बाबा, मी सोडून दिलंय. तो म्हणाला, "मी नाही सोडलं. चौदा वर्षं झाली, लोक काय म्हणतील याचाच विचार करतोय. आता केस पांढरे झाले. काय म्हणायचं ते म्हणूदे एकदाचं."

आणि निळा सफारी धोब्याकडे देऊन आला. साक्षीला सफारी! लग्नात तरी घातला होता का कोण जाणे.

मंगळवार, ८ मार्च

झाली साक्ष. काय झाली ती लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

अंगणात टेबल. लुलवाबाई, सालेम, त्याच्या ऑफिसातला एक जाडा कारकून, रियाज, आणि कोपऱ्यात रंधा घेऊन उगाच काम करतोय असं दाखवणारा मी. यूसुफ सफारीत उभा. अरबी तो झकास बोलतो, बेकरीतली. त्याने सगळं सांगितलं. पीठ कुणाचं, भाजलं कुणासाठी, चोरलं किती, वाटलं कुणाला. काही लपवलं नाही, असं तेव्हा मला वाटलं.

कारकून मधेच म्हणाला, "म्हणजे शत्रूला जेवण देणाऱ्याची चूल आम्ही सरकारी पैशाने जपायची?"

माझा रंधा फळीत रुतला. यूसुफ नुसता मान हलवत राहिला, होय साहेब, होय साहेब, असं. त्यापेक्षा त्याने कारकुनाच्या थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

लुलवाबाईंनी कारकुनाला एका शब्दात गप्प केलं (तो शब्द मला कळला नाही, शिकायला हवा) आणि यूसुफला विचारलं, "त्या दिवसांत या घरात आणखी कोण होतं?"

"मालकीण आणि मी."

"स्वयंपाकघरात?"

"मी एकटा."

इंजिनिअर सालेम फोन कानाला लावून तरातरा बाहेर गेला. फोन वाजल्याचं मी तरी ऐकलं नाही.

परतताना बसमध्ये यूसुफच्या कपाळावर घाम. म्हणाला, "शेवटचं खोटं बोललो."

"कुठलं?"

"एकटा नव्हतो."

मग खालच्या आवाजात सांगितलं. एक माणूस होता माळ्यावर. गणवेशातला, कुवेती, इराकी सैनिक ज्यांना घराघरातून शोधत होते त्यांतला. उम्म बद्रने त्याला बाईचा बुरखा घालून भर दुपारी गल्लीतून आणला. अकरा आठवडे तो माझ्या फळ्यांवर, तांदळाच्या गोणींमागे आडवा पडून होता. खोकला आला की यूसुफ खाली परात आपटायचा. सैनिक रोज यायचे, पण दारातच गरम खुबूस हातात मिळायचे, म्हणून आत कधी शिरले नाहीत. एकदाच एकजण पाणी प्यायला ओट्यापर्यंत आला. वरून पिठासारखी धूळ त्याच्या खांद्यावर पडली. यूसुफ म्हणाला, उंदीर.

"अरे मग हे सांगायचं ना! हेच तर पाहिजे होतं त्यांना!"

"म्हातारीनं शपथ घातलीय, नाव कुणाला सांगायचं नाही."

"नाव नको सांगूस. नुसतं कुणीतरी होतं एवढं..."

"तुळशी, तो माणूस वर पडून रडायचा. मला ऐकू यायचं. त्यानं कधी कुणाला सांगितलं नसेल तर मी कशाला कागदावर चढवू?"

खैतानला उतरताना सफारीला हळदीचा डाग पडलेला दिसला. तो मी दाखवला नाही.

शनिवार, १२ मार्च

वरून कागद आला. लुलवाबाईंनी लिहिलंय, साक्ष खरी वाटते, पण मालकीण हयात नाही, दुसरा साक्षीदार नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे पुरावा अपुरा. खाली पेनने, मला म्हणून — माफ करा, मिस्त्री.

म्हणजे सोमवारी पाडायचं. रियाजने काम कुणाला दिलं? मलाच! "तुमने बनाया, तुम को मालूम कैसे खुलेगा." पटण्यासारखं आहे, हेच वाईट.

खिळा ठोकायला तीन कागद लागले होते. तोडायला रियाजची एक शिट्टी पुरे.

रविवार, १३ मार्च

पहार आणली. भिंतीला टेकवली. चहा प्यायलो. पहार दुसऱ्या भिंतीला टेकवली.

सोमवार, १४ मार्च

पहिली फळी सैल करतोय तोच रियाज धावत आला. काम बंद. इंजिनिअर सालेमने पाडायचा अर्ज मागे घेतला. कागद मीच हातात घेतला, रियाजने वाचून अर्थ सांगितला, आणि मग स्वतःच डोक्यावरची टोपी काढली. कारणाच्या रकान्यात टाइप केलेलं काही नाही. सालेमच्या हातची एक ओळ — "या माळ्यावर मी अकरा आठवडे राहिलो आहे."