तिसऱ्या कडव्याची वाटणी

मी, सुगंधा धोंडू नाईक, वय एक्याऐंशी, राहणार आरोंदा, तालुका सावंतवाडी, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. कान थोडे गेलेत, पण लिहायला कान लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दाब नाही, असता तर मी जुमानला नसता. वकील म्हणाले, यात फक्त मिळकत लिहायची, राग लिहायचा नाही. मी म्हटलं, रागही माझी मिळकतच आहे, आणि स्वकष्टार्जित आहे. म्हणून हे त्यांच्याकडून लिहून घेतलेलं नाही.

१. राहतं घर, विहीर आणि मागची काजूची झाडं सून सारिका हिला. माझा मुलगा लवू वारल्यावर ती माहेरी गेली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. ती राहिली. तिच्या मुलाने, म्हणजे माझा नातू दीपेश याने, ती असेपर्यंत घरावर हक्क सांगू नये. बँकेतल्या ठेवीतून माझं दिवसकार्य उरकावं, उरेल तेही सारिकाचंच.

२. दीर परशुराम यांना खळ्यातली, म्हणजे पुढच्या अंगणातली भिंत. ती त्यांनी माझ्या हद्दीत आधीच बांधलेली असल्याने वेगळं द्यायचे कष्ट नाहीत. मी नवरी होऊन आले तेव्हा याच खळ्यात उभे राहून ते ओरडले होते, "फिरंग्यांची पोर इली!" कारण माझा जन्म खाडीपलीकडे, पेडण्याकडचा, आणि तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. गेल्या आठवड्यात तेच परशुराम काठी टेकत आले आणि विचारू लागले, वहिनी, तुझ्या त्या जन्माच्या कागदावर माझ्या नातवाचंही काही जमेल का? मी पाणी दिलं. उत्तर खाली पाचव्या कलमात आहे.

३. तो कागद कसला, ते आता लिहिते.

दीपेश देवबागला बोटीवर पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधून द्यायच्या कामाला आहे. दर पंधरा ऑगस्टला तो गावच्या शाळेत देशाची गाणी सांगतो आणि मुलं त्याच्यामागून म्हणतात. त्याने नागपंचमीच्या आदल्या दिवशी मला डोळे तपासायचे म्हणून म्हापशाला नेलं. तिथे डॉक्टर नव्हताच, एजंट होता. तो म्हणाला, एकसष्टच्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाला पोर्तुगाल आपला मानतं, त्याच्या मुलानातवंडांनाही. मी सही करायची, माझा जन्म तिकडे नोंदवला जाणार, मग दीपेशला तिकडचा पासपोर्ट. इकडचा परत करायचा.

माझे वडील गणपत यांना त्याच सरकारच्या पोलिसांनी इतकं मारलं की उजवा कान कायमचा गेला. गुन्हा काय, तर गाणं. तीन कडव्यांचं, स्वतः रचलेलं, भजनाच्या चालीवर बांधलेलं, म्हणजे देवळाबाहेरच्या शिपायाला वाटावं देवाचंच चाललंय. कुणीतरी त्याला अर्थ सांगितला. मग आम्ही होडीत बसून आरोंद्याला आलो. मी तेव्हा अकरा वर्षांची.

मी दीपेशला विचारलं, "तुझ्या पणज्याचो कान कोणी फोडल्यान, म्हायत आसा मा तुका?"

तो खाली बघत म्हणाला, "आजी, लोकांका जॅकेटां बांधून किती वर्सां काढू? कागद बदलता गो फक्त. मी तोच रवतलंय."

एजंटाने हसत विचारलं, आजी, त्या वेळच्या शाळेतलं काही आठवतं का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ताडकन उभी राहिले. हात अंगाला चिकटले. आणि माझ्या तोंडून त्यांचं राष्ट्रगीत बाहेर पडलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न अडखळता. शाळेत रोज सकाळी म्हणवून घेत ते. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता, आजही नाही. सत्तर वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही. देवा रे, माझ्या पोटात ते कुठे दडून बसलं होतं? एजंट टाळ्या वाजवत होता. कागद सही न करताच पिशवीत कोंबून मी घरी आले.

४. पंधरा ऑगस्टला वडिलांचं गाणं म्हणायचा मान माझा. यंदा दोन कडवी झाली. तिसऱ्याला वडिलांचा शब्द येईना, आणि ते दुसरंच जिभेवर येऊन बसलेलं. माईकसमोर, तिरंग्याखाली! मी ओठ गच्च मिटून घेतले. सगळा गाव बघत होता. आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नव्हते.

तेवढ्यात मुलांच्या रांगेमागून दीपेशने तिसरं कडवं उचललं आणि पुरं केलं. ते गाणं मी त्याला कधी समोर बसवून शिकवलेलं नाही. घरी विचारलं तर म्हणाला, "माका आंघोळ घालताना तू ह्याच म्हणायचंस. साबू डोळ्यांत गेलो काय तुझा तिसरा कडवा सुरू."

मी चुलीपाशी बसून रडले. माझ्या तोंडात त्यांचं गाणं आधी पडलं, सहाव्या वर्षी, छडीसकट. वडिलांचं पुढे दहाव्या वर्षी. म्हणून म्हातारपणी आधीचं वर आलं. दीपेशच्या तोंडात मात्र वडिलांचं आधी पडलंय. माझं माहेरचं नाव शेवंती. लग्नात ते बदलून सुगंधा केलं, मला कुणी विचारलं नाही. देश बदलला तेव्हाही नाही. हा निदान सही मागायला तरी आला. डोळ्यांचं खोटं सांगून नेलं, त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही, हेही इथे नोंदवते.

५. त्या कागदावर मी आज सही करून तो दीपेशच्या हातात दिला आहे. ते गाणं म्हणताना वडील वाजवायचे ती झांज माझ्या मागे त्याचीच. परशुरामांच्या नातवाचा या कागदाशी काही संबंध नाही.

दीपेशला अट एकच. तिकडे त्याला मूल होईल. शाळेत त्याला सकाळी उभं करतील आणि त्यांचं गाणं म्हणायला लावतील. म्हणू दे. त्यात पोराचा दोष नाही, माझाही नव्हता. पण त्याआधी, आंघोळ घालताना, तिन्ही कडवी त्याच्या कानावर पडलेली असावीत. साबण डोळ्यांत जाऊन पोर रडलं तरी तिसरं सोडू नये. तपासायला मी नसेन.

वरील सर्व मी पुन्हा वाचलं, एक शब्दही खोडलेला नाही. शेवंती आणि सुगंधा ही एकच बाई, हे ओळखणाऱ्या दोघांदेखत सही करते.

सही: सुगंधा धोंडू नाईक

साक्षीदार:
१. किशोरी आत्माराम कोरगावकर, शिक्षिका, आरोंदा
२. दत्तप्रसाद विश्राम मातोंडकर, भजनी मंडळ, आरोंदा

ठिकाण: आरोंदा
दिनांक: २० ऑगस्ट २०२५