तीस गोळ्यांची बाटली

बाबा,

रविवारी चर्चमध्ये मी होंडुरासच्या आपल्या वैद्यकीय शिबिराची साक्ष द्यावी, हे तुम्ही परस्पर ठरवलंत.

या वर्षी शिबिरात आलेल्या एउलालियाबाईंनी गेल्या वर्षीची रिकामी बाटली माझ्यापुढे आपटली. तिच्यावर माझंच अक्षर होतं: रक्तदाब, रोज एक. "पोरी, गोळ्या महिन्यात संपल्या, तुम्ही उगवलात वर्षाने. मधे काय तुमचे फोटो चाटायचे?" त्या हसल्या, पण अर्धांगवायूच्या झटक्याने लुळं पडलेलं अर्धं तोंड हललंच नाही.

तुम्ही म्हणालात, "प्रार्थना कर आणि पुढचा पेशंट घे." मी पुन्हा तीसच गोळ्या दिल्या.

खोटं बोलू नये, हे तुम्हीच मला घरी शिकवलंत. मग रविवारी चर्चच्या पडद्यावर एउलालियाबाईंचा गेल्या वर्षीचा, झटक्याआधीचा हसरा फोटो कशाला?

हे पत्र तुम्हाला देणार नाही. रविवारी साक्ष म्हणून सगळ्यांसमोर हेच वाचेन.

तुमचीच लेक आणि विद्यार्थिनी,
टॅबिथा