फलकावरच्या हसऱ्या मुलीबाबत आणि रिकव्हरी रूममधील एका खुर्चीबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता,
बालरुग्णालय व डॉक्टर प्रशिक्षण संस्था,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

अर्जदार : हाडांच्या विभागात दि. १९ रोजी शस्त्रक्रिया ठरलेल्या नऊ वर्षांच्या मुलीची आई. व्यवसाय – घरी शाळेचे गणवेश शिवणे.

विषय : आपल्या 'कुटुंब आमचे भागीदार' या फलकावर हसताना दिसणाऱ्या मुलीस त्या क्षणी झटका आलेला असल्याबाबत, व शस्त्रक्रियेनंतर तिच्याजवळ आईस बसू देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज दि. २१ फेब्रुवारी (न स्वीकारता परत).
२) अर्जदाराचा अर्ज दि. २७ फेब्रुवारी.
३) त्यावर आपल्या कार्यालयाचे पत्र दि. ६ मार्च.

महोदय,

१. हा तिसरा अर्ज आहे. पहिला अर्ज चार नंबरच्या खिडकीवरील लिपिकांनी परत केला. म्हणाले, "बाई, डावीकडे समास सोडा. आणि सारखं 'मी, मी' लिहू नका, 'अर्जदार' लिहा. 'मी' आलं की रडारड येते." त्यानुसार या अर्जात चार बोटे समास सोडला आहे. रडारड काढली आहे. राग ठेवला आहे, कारण रागाबद्दल खिडकीवर कोणतीही सूचना चिकटवलेली आढळली नाही.

२. अर्जदाराच्या मुलीस घरात 'बाईसाहेब' म्हणतात. ती बोलत नाही, चालत नाही, आणि तरीही सगळे घर तिच्या डोळ्यांच्या इशाऱ्यावर चालते. तिने वर पाहिले की 'हो', डोळे मिटले की 'नाही'. तिला येणारे झटके निराळे आहेत. ती हातपाय झाडत नाही, तोंडाला फेस येत नाही. ती हसते. ओठ ताणले जातात, गळ्यातून खुदखुद असा आवाज निघतो आणि डोळे मात्र कोणाकडेच नसतात. खरे हसू येते तेव्हा बाईसाहेब आधी आजीकडे बघतात, कारण बहुतेक वेळा विनोद आजीच असते. झटका तीन मिनिटांपुढे गेला तर गालात औषध सोडावे लागते, नाहीतर तिचा श्वास मंदावतो. ही सगळी माहिती अर्जदाराच्या मनची नाही. आपल्याच मेंदूविकार विभागाने ती लिहून दिली असून तो कागद मुलीच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर लावलेला आहे. पहिले पान उघडण्याची पद्धत आपल्याकडे आहे किंवा कसे, हे अर्जदारास ठाऊक नाही.

३. दि. ९ जानेवारी रोजी आपल्या प्रशिक्षणाचा भाग म्हणून एक प्रशिक्षक बाई, पाच शिकाऊ डॉक्टर आणि एक छायाचित्रकार अर्जदाराच्या घरी आले. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आईवडिलांना भागीदार कसे मानावे, हे या डॉक्टरांनी घरात बसून शिकायचे होते. अर्जदाराने दोन दिवसांची शिलाई बाजूला सारली, अर्धवट गणवेश पलंगाखाली कोंबले, शेजारून चार खुर्च्या आणल्या. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "आज तुम्ही आमच्या गुरू. आम्ही फक्त ऐकायला आलोय." त्यानंतर त्या चाळीस मिनिटे बोलल्या.

४. अकरा वाजून अडतीस मिनिटांनी बाईसाहेबांना झटका आला. अर्जदार तत्काळ म्हणाली, "हे हसू नाही. झटका आहे. बाजूला व्हा." प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "एक सेकंद हं, आई. किती गोड हसतेय ती! हा फोटो होऊ दे." मग पाचपैकी चार डॉक्टर मुलीच्या पलंगाभोवती वाकले आणि तेही हसले. अर्जदाराच्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कोणाही डॉक्टरसमोर आवाज चढवलेला नाही, त्या ओरडल्या, "अहो, आकडी आलीय पोरीला! दिसत नाही का?" यावर एक चष्मेवाले डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजी, मला तुमच्या भावना समजतात." हे वाक्य त्यांना वर्गात शिकवलेले असावे, कारण ते वहीत पाहून म्हणाले. तीन मिनिटे उलटल्यावर अर्जदाराने दोन डॉक्टरांच्या मधून हात घालून औषध दिले. चौथ्या मिनिटाला झटका थांबला आणि मुलगी झोपली.

५. या भेटीचा अहवाल आपल्या कार्यालयाने अर्जदारास कौतुकाने पाठवला. चष्मेवाल्या डॉक्टरांनी तो लिहिला आहे. त्यात नमूद आहे : "मूल हसरे, सहकार्य उत्तम. आई थोडी घाबरट, मात्र समजावल्यावर शांत. भेटीअखेर मूल समाधानाने झोपी गेले." अर्जदार शांत झाली नव्हती. ती घड्याळ बघत होती. आणि मूल समाधानाने नव्हे, औषधाने झोपले होते. या अहवालास आपण पहिला क्रमांक दिला आहे.

६. आता फलकाविषयी. तो फोटो आपण मोठा करून लिफ्टजवळ, औषधांच्या खिडकीपाशी आणि प्रशिक्षणाच्या दालनात लावला आहे. मध्यभागी अर्जदाराची मुलगी, भोवती चार हसरे डॉक्टर, खाली मोठ्या अक्षरांत 'कुटुंब आमचे भागीदार'. कुटुंब मात्र कापले गेले आहे. उजव्या कडेला फक्त अर्जदाराचा एक हात उरला आहे. लिफ्टच्या रांगेतील एक गृहस्थ आपल्या पत्नीस सांगत होते की ही आई टाटा करतेय. महोदय, तो हात औषध मागत होता. हातच्या काकणाला आरसा कशाला? फोटोतल्या भिंतीवर अर्जदाराचे घड्याळ स्पष्ट दिसते. त्यात अकरा चाळीस झाले आहेत. अर्जदार गेली सात वर्षे प्रत्येक झटक्याची वेळ वहीत लिहिते. त्या दिवशीची नोंद : '११:३८ ते ११:४२, औषध दिले.' म्हणजे आपण झटक्याच्या तिसऱ्या मिनिटाचा फोटो फ्रेम करून आपल्याच रुग्णालयाच्या तीन भिंतींवर टांगला आहे. रोज शेकडो डॉक्टर त्याखालून जातात. दोन महिन्यांत एकालाही कळले नाही.

७. अर्जदार खोटे लिहिणार नाही. पाचव्या डॉक्टर वेगळ्या होत्या. त्या सगळ्यांत लहान, केस घट्ट बांधलेल्या, पूर्ण वेळ दाराशी उभ्या. त्या फोटोत नाहीत, कारण त्या वाकल्या नाहीत. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिले, मग अर्जदाराकडे पाहिले आणि विचारले, "ताई, किती मिनिटं झाली? औषध कुठे ठेवलंय?" कपाटावरची कुपी त्यांनीच काढून अर्जदाराच्या हातात दिली. सात वर्षांत आपल्या इमारतीतल्या कोणी अर्जदारास प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबल्याचे हे पहिलेच उदाहरण होय. अर्जदाराने चौकशी केली असता कळले की, 'कुटुंबाशी नजर मिळवली नाही, घड्याळाकडे पाहत राहिल्या, वातावरणात मिसळल्या नाहीत' या कारणास्तव प्रशिक्षक बाईंनी त्यांना नापास केले असून त्यांना हे प्रशिक्षण पुन्हा करावे लागणार आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्या अभ्यासक्रमात आहे काय? नसल्यास घ्यावी.

८. हे सारे अर्जदाराने गिळलेही असते. अशा मुलीची आई रुग्णालयात पुष्कळ काही गिळते. परंतु दि. १९ रोजी तिच्या मुलीच्या खुब्याची शस्त्रक्रिया आहे. भूल उतरताना तिला झटके येतात, हे मागच्या दोन्ही शस्त्रक्रियांच्या वेळी घडले आहे. तेव्हा तिच्याजवळ तिचे हसू ओळखणारे कोणीतरी असावे, एवढ्यासाठी अर्जदाराने दुसऱ्या अर्जात रिकव्हरी रूममध्ये एक खुर्ची मागितली. आपल्या पत्रातील उत्तर जसेच्या तसे असे : "रिकव्हरी रूममध्ये नातेवाइकांस प्रवेश नाही. तथापि काळजी नसावी. त्या दिवशी तेथे आमच्या भागीदारी प्रशिक्षणात प्रथम आलेले डॉक्टर कर्तव्यावर असतील." महोदय, हे पत्र वाचून अर्जदार शिलाई मशीनवर बसली आणि एका सदऱ्याला तीन बाह्या लावून उठली. प्रथम आलेले डॉक्टर म्हणजे ते चष्मेवाले. 'मूल हसरे' लिहिणारे. अर्जदाराच्या मुलीचा श्वास मंदावत असेल आणि ते तिच्याकडे पाहून हसत असतील. कदाचित फोटोही काढतील.

९. आपले पत्र 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' असे म्हणून संपते. अर्जदाराने सहकार्य केलेले नाही आणि यापुढे करण्याचा विचार नाही. भागीदार म्हणायचे आणि दाराबाहेर उभे करायचे, याला भागीदारी म्हणत नाहीत. दुकानदारसुद्धा भागीदाराला गल्ल्यापाशी बसू देतो. अर्जदारास गल्ला नको आहे. एक खुर्ची हवी आहे. लाकडी चालेल, मोडकी चालेल, तीही नसेल तर अर्जदार घरून आणील.

१०. सबब विनंती अशी की,

(अ) दि. १९ रोजी रिकव्हरी रूममध्ये अर्जदारास मुलीच्या उशाशी बसू द्यावे.

(आ) नियम अगदीच मोडता येत नसल्यास, त्या दिवशी तेथे आपण नापास केलेल्या डॉक्टरांची नेमणूक करावी. त्या कोणाच्या नजरेला नजर देणार नाहीत. घड्याळाला देतील.

(इ) तेही जमत नसल्यास, लिफ्टजवळचा फलक काढून मुलीच्या खाटेसमोर टांगावा. 'कुटुंब आमचे भागीदार' ही ओळ खोडून तेथे लिहावे : 'ही अशी दिसली, तर ती हसत नाही.' फोटो उत्तम आला आहे. झटका ओळखण्यासाठी याहून स्पष्ट चित्र आपल्या कोणत्याही पुस्तकात नसेल.

११. यांपैकी काहीच होणार नसेल, तर चष्मेवाल्या डॉक्टरांना अर्जदाराचा एवढाच निरोप द्यावा. शुद्धीवर येताना मुलगी हसू लागली, तर आधी तिचे डोळे पाहा. ते कोणाकडेच नसतील, तर तुम्ही हसू नका. वही उघडू नका. घड्याळ बघा. तीन मिनिटे झाली की दार उघडा. अर्जदार दाराला पाठ लावून उभी असेल.

उत्तराची वाट दि. १८ पर्यंत पाहिली जाईल. तोवर,

आपली नम्र,
(सही)
बाईसाहेबांची आई
दि. १२ मार्च

सोबत जोडलेले कागद :
१. फलकाचा फोटो. घड्याळाभोवती लाल गोल केला आहे, हाताभोवतीही.
२. वहीच्या पानाची प्रत, दि. ९ जानेवारी.
३. मेंदूविकार विभागाचा कागद, म्हणजे फाइलचे पहिले पान. वाचावे.
४. चष्मेवाल्या डॉक्टरांचा अहवाल.
५. सासूबाईंचा जबाब. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून अंगठा. त्यांना ती आकडी आहे हे दिसले होते.
६. गालात सोडायचे औषध, एक कुपी. ही जोडलेली नाही. ती अर्जदाराच्या हातात राहील.